पूर्णविरामानंतरची स्पेस

वाक्य संपलं, पूर्णविराम दिला, आता पुढचं वाक्य चालू करायच्या आधी स्पेसबार एकदा दाबायचा का दोनदा, याची जी रीत आहे तिच्याबद्दल ही नोंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पण टायपिंग मशीनवर हात बसलेला माणूस आणि मोबाइलवर टायपिंग शिकलेला माणूस एकाच ऑफिसात बसले की यावरून थोडीफार कुरबुर होतेच. आजचा नियम एवढाच, की पूर्णविरामाच्या आधी स्पेस नाही आणि नंतर एक. मशीनच्या काळात नंतर दोन होत्या, त्याच्या आधी खिळ्यांच्या छापखान्यात वेगळंच माप होतं, आणि त्याच्याही आधी आपल्याकडे शब्दाशब्दांत सुद्धा जागा सोडायची पद्धत नव्हती.

हे शेवटचं बघायचं तर खान्देशातून लांब जायला नको, धुळ्यातच बघायला मिळतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाने तिथं जे संशोधन मंडळ उभं राहिलं त्यात जुने मोडी कागद आहेत. मोडीत लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला लटकत लटकत अक्षरं लिहीत जायचं, बोरू शक्यतो उचलायचा नाही, त्यामुळे शब्द कुठं तुटला, वाक्य कुठं संपलं हे सगळं वाचणाऱ्याने अंदाजाने लावून घ्यायचं. त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथं रामदासी बाडं आणि पोथ्या आहेत. पोथी देवनागरीत असते म्हणून वाचायला जरा सोपी, पण शब्द तिथंही एकमेकांना चिकटलेले, मधून मधून दंड नाहीतर दुहेरी दंड, बस. आज आपण जो टिंबाचा पूर्णविराम देतो तो इंग्रजीवरून आला, एकोणिसाव्या शतकात, आणि मराठीत विरामचिन्हं रुळवायचं श्रेय मराठीचे इंग्रज अभ्यासक मेजर थॉमस कँडी यांना देतात. हिंदीवाल्यांनी उभा दंड ठेवला, मराठी गद्याने टिंब घेतलं. दंड आपल्याकडे अभंग-ओवीपुरता राहिला.

टिंब आलं तशी त्याच्यामागची जागा पण आली. आता ही जागा किती, तर खिळे जुळवायच्या काळात ती मोजून टाकायचे. कंपोझिटरकडे अक्षरांच्या खिळ्यांसोबत कोरे तुकडे पण असायचे, निरनिराळ्या रुंदीचे, त्यातला टाइपाच्या उंचीइतकाच रुंद जो चौकोनी तुकडा त्याला एम म्हणतात. शिकागो विद्यापीठाच्या छपाई नियमावलीची १९११ ची आवृत्ती सांगते की शब्दांमध्ये एमचा तिसरा हिस्सा टाका आणि वाक्य संपलं की पूर्ण एम. म्हणजे वाक्यांमधली जागा शब्दांमधल्या जागेच्या तिप्पट. म्हणून ‘दोन स्पेस ही टाइपरायटरची देन’ असं जे सरसकट सांगतात ते अर्धंच खरं आहे. मोठी जागा आधीपासून होती, टाइपरायटरने फक्त ती आपल्या कुवतीप्रमाणे नक्कल केली.

आणि कुवत म्हणजे काय, तर मशीनला एकच माप माहीत होतं. रेमिंग्टन कंपनीने शोल्स या अमेरिकन माणसाने तयार केलेलं टायपिंग मशीन १८७४ मध्ये विकायला काढलं, त्याच्यात आणि पुढच्या बहुतेक सगळ्या मशीनींमध्ये कागद धरणारा गाडा प्रत्येक ठोक्याला ठरावीक तेवढाच सरकतो, मग तुम्ही बारीक ‘आय’ मारा का ऐसपैस ‘डब्ल्यू’. पूर्णविराम तर केवढासा, पण त्याला पण तेवढंच घर, आणि त्या घरात तो मधोमध, दोन्हीकडून मोकळा. एवढ्या विरळ ओळीत एक स्पेस मारली तर वाक्य संपल्याचं डोळ्याला कळतच नाही, म्हणून दोन. शिवाय कार्बन पेपरची भानगड वेगळी. चार प्रती काढायच्या म्हटलं की टिंब वरच्या कागदाला भोक पाडायचं आणि खालच्या प्रतीवर उमटायचंच नाही, तिथं दोन घरांची मोकळी जागा हीच वाक्य संपल्याची खूण.

खान्देशात हा नियम टायपिंग क्लासमधून घराघरात गेला. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, आणि भुसावळ तर विचारूच नका, रेल्वेचं मोठं जंक्शन आणि डिव्हिजनचं ऑफिस, त्यामुळे दहावी-बारावी झाली की ‘टायपिंग लावून टाक भो, क्लार्कची जागा निघाली तर कामात येईल’ हे ठरलेलं. एखाद्या जिन्याच्या वर लांबट खोली, ओळीने मांडलेली मशीनं, १९५५ पासून गोदरेजने इथंच बनवायला घेतलेली किंवा त्याच्याही आधीची रेमिंग्टन, आणि खाली रस्त्यापर्यंत ऐकू येणारी खटखट. मिनिटाला इंग्रजी तीस-चाळीस शब्द आणि मराठी तीस-चाळीस अशा स्पीडच्या परीक्षा. तिथं सर एकदाच सांगायचे, कॉमानंतर एक, फुलस्टॉपनंतर दोन, आणि ते अंगठ्यात असं बसायचं की तीस वर्षांनी सुद्धा निघत नाही. का दोन, हे कोणी विचारत नव्हतं आणि सांगत पण नव्हतं. कोर्टाबाहेर आणि तहसीलच्या आवारात छत्रीखाली मशीन घेऊन बसणाऱ्या टायपिस्ट लोकांचं मात्र निराळं शहाणपण होतं. अर्जात मोकळी जागा चालेल, पण खरेदीखतात ओळीच्या शेवटी जागा उरली की तिथं आडव्या रेघा मारून ती बुजवायची, उगाच नंतर कोणी एखादा शब्द घुसडायला नको.

मराठी मशीनवर दोन स्पेसला एक जास्तीचं कारण होतं असं माझं मत, आणि ते कुठं फारसं लिहिलेलं दिसत नाही. इंग्रजीत नवीन वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होतं, म्हणजे टिंब हुकलं तरी चालतं. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीतच. वरून आपण टिंब कशाकशाला वापरतो बघा, ‘मु. पो. असोदे, ता. जि. जळगाव’ एवढ्या एका पत्त्यात चार टिंबं आहेत आणि वाक्य एकही संपलेलं नाही. मग डॉ., प्रा., कै., रु. हे सगळे आहेतच. त्यात मराठी मशीनवर ख, ण, ध, भ अशी अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत जुळवावी लागायची, म्हणून शब्दाच्या पोटातच फटी दिसायच्या. अशा मजकुरात शॉर्टफॉर्मच्या टिंबामागे एक आणि वाक्याच्या टिंबामागे दोन स्पेस, हा फरक वाचणाऱ्याच्या उपयोगाचा होता. चांगले टायपिस्ट तो पाळायचे. बाकीचे सगळीकडे दोन मारून मोकळे.

कॉम्प्युटर आला आणि कारणच गेलं. आता फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला त्याच्या जोगती रुंदी, टिंब आपल्या अक्षराला चिकटून बसतं, एक स्पेस पुरते. छापील पुस्तकांनी तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच मोठी जागा सोडून दिली होती, कारण लायनोटाइपसारख्या, अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्रावर वेगळं माप घालायचं म्हणजे जास्तीचं काम आणि पानावर कागद पण जास्त. डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावताना, दोन स्पेसचा खरा त्रास जस्टिफाय करताना होतो. पेपरच्या अरुंद कॉलममध्ये ओळ दोन्हीकडून ताणली की स्पेसा ताणल्या जातात, दोन असल्या तर दुप्पट, आणि मग ओळीत दात पडल्यासारखी खिंडारं दिसतात. वेबपानांवर तर वादच मिटला. एचटीएमएलमध्ये तुम्ही दोन मारा नाहीतर वीस, ब्राउझर एकच दाखवतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या नियमावलीने आधीच्या आवृत्तीत मसुद्याला दोन सुचवल्या होत्या, २०१९ च्या सातव्या आवृत्तीत एकीवर आली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्ड इंग्रजीतल्या दोन स्पेसखाली चुकीची खूण करायला लागलं. त्याच्या दोन वर्षं आधी न्यूयॉर्क राज्यातल्या स्किडमोर कॉलेजने साठ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजून बघितली होती. जे स्वतः दोन मारतात त्यांना दोन स्पेसचा मजकूर जरासा लवकर वाचता आला, समजण्यात काही फरक नाही. दोनवाले खुश झाले, पण तपासणीचा मजकूर कुरियर न्यूमध्ये होता, म्हणजे पुन्हा टाइपरायटरसारख्या एकाच मापाच्या फॉन्टात, तर ज्या फॉन्टात आज कोणी वाचत नाही तिथला निकाल घेऊन करायचं काय.

आपल्या मराठीत आता प्रश्न दोन स्पेसचा राहिलेलाच नाही, एकही न देण्याचा झालाय. सुरुवात एसएमएसपासून झाली असावी. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळायची, देवनागरीत ७०, आणि त्यात काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जायच्या, तर लोक पहिल्यांदा स्पेसच खाणार ना. ‘पोचलो.गाडी लेट होती.उद्या फोन करतो’ असं लिहायची सवय लागली ती व्हॉट्सॅपवर फुकट झालं तरी सुटली नाही. रोमनमध्ये मराठी लिहिणाऱ्यांचं आणखी गमतीशीर होतं, ‘मी’चं स्पेलिंग एम-ई करणारे आहेत, त्यांचं टिंब ‘मी’ला चिकटलं की फोनला ती वेबसाइट वाटते आणि निळी लिंक तयार, कारण डॉट-एम-ई हे माँटेनेग्रो देशाचं डोमेन आहे. दुसरी सवय उलटी, ‘आहे .’ अशी टिंबाच्या आधी स्पेस. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की पुढे स्पेस आपोआप पडते, काही कीबोर्ड टिंब आल्यावर ती मागे घेतात, काही घेत नाहीत. मग ओळ संपायच्या जागी टिंब एकटंच पुढच्या ओळीत जाऊन बसतं. अहिराणीत लिहिणाऱ्यांच्या मेसेजात हे जरा कमी दिसतं, कारण ‘काय करी ऱ्हायना’ हे कीबोर्डच्या डिक्शनरीत नसतंच, अख्खं हाताने टाइप करावं लागतं. स्पेसबार दोनदा दाबला की फोन स्वतःच टिंब देऊन एक स्पेस सोडतो, ही सोय बऱ्याच फोनमध्ये आहे, म्हणजे जुन्या टायपिस्टचा अंगठा इथं अजून कामाचा आहे फक्त निकाल एका स्पेसचा येतो.

जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी प्रबंध नाहीतर स्मरणिका सेटिंगला आली की ऑपरेटरचं पहिलं काम ठरलेलं. फाइंडमध्ये दोन स्पेस, रिप्लेसमध्ये एक, ‘ऑल’, आणि आकडा शून्य येईपर्यंत परत परत, कारण तीन स्पेस असतील तर एका फेरीत दोन उरतात. मग स्पेस-टिंबच्या जागी नुसतं टिंब. कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी ह्या स्पेसा तशाच येतात, कन्व्हर्टर अक्षरं बदलतो, रिकामी जागा नाही. सावधगिरी एकच, मशीनवर शिकलेल्या लोकांनी तक्ते पण स्पेस मारून मारूनच लावलेले असतात, टॅब वापरलेला नसतो, तिथं सरसकट रिप्लेस केलं तर नाव, गाव, रक्कम सगळे कॉलम एकमेकांत घुसतात, म्हणून आधी तक्ते बाजूला काढायचे आणि मग उरलेल्या मजकुरावर फिरवायचं.