वार खाणे

वार खाणे (अपराभक्षण) : बाळंतपणात पडलेली वार घरी आणून शिजवून, वाळवून किंवा कच्ची बाळंतिणीने स्वतः खाण्याची चाल. गोव्यात ती मुळातली नाही. किनारपट्टीच्या गावांत येऊन राहिलेली परदेशी आणि शहरी कुटुंबे, डूलांचे (बाळंतपणात सोबत करणाऱ्या शिकलेल्या बायकांचे) वर्ग आणि मोबाईलवरचे व्हिडिओ यांच्याबरोबर ती इथे आली. आता पेडणे-बार्देशातल्या मराठी घरांतल्या गरोदर मुलीही आईला विचारतात, ‘वारेच्या गोळ्या करून घेऊ का?’ आईकडे या प्रश्नाचे उत्तर नसते, कारण तिच्या माहितीत वार ही पुरायची वस्तू आहे.

बोलण्यात वार आणि नाळ यांची गल्लत होते. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघणारी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांबीची दोरी. ती जिला जोडलेली असते तो गर्भाशयाच्या भिंतीला धरून वाढलेला मांसल, चपटा अवयव म्हणजे वार. पूर्ण दिवसांची वार सुमारे अर्धा किलो वजनाची आणि वीतभर रुंद असते. बाळाला प्राणवायू आणि अन्न तिच्यातून मिळते, गर्भारपण टिकवणारी संप्रेरकेही तीच तयार करते. मूल जन्मल्यावर बहुधा अर्ध्या तासाच्या आत ती सुटून बाहेर येते. ती अडकली तर रक्तस्राव जिवावर बेततो, म्हणून बाळ रडले तरी बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या बायका ‘वार पडली का?’ असे विचारल्याशिवाय सुटकेचा श्वास टाकत नसत. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही वार वेळेवर न पडल्यास ती पाडण्याचे उपाय दिले आहेत. बाळंतिणीसाठी तिथे पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ घातलेले तूप-तेल सांगितले आहे. तिने वार खावी असे त्या परिचर्येत नाही.

घरीच बाळंत होण्याच्या काळात सुईण, म्हणजे गोव्याच्या बोलीतली वैजीण, वार परसात किंवा न्हाणीच्या बाजूला खड्डा खणून पुरायची. कुत्र्यामांजराने उकरून काढू नये आणि कोणाच्या वाईट हाती लागू नये, म्हणून खड्डा चांगला खोल घेत. आपल्या गावाविषयी बोलताना ‘माझी नाळ इथे पुरली आहे’ असे आपण म्हणतो, त्यामागे हाच व्यवहार आहे. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत तर वार आणि जमीन या दोहोंना ‘व्हेनुआ’ हा एकच शब्द आहे. बाळंतपणाभोवतीचे रिवाज गोव्यात किती खोल रुजले होते याची साक्ष इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानात मिळते. नवख्रिस्ती घरांनी सहाव्या रात्री जागरण करू नये, असे त्यात बजावावे लागले. ती सटीची रात्र हिंदू घरांत आजही जागवतात. वार पुरण्याचे मात्र जवळजवळ संपले आहे, कारण आता बाळंतपणे इस्पितळात होतात आणि वार घरी येतच नाही.

वार खाणे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ते गोठ्यात पाहिले आहे. जनावरांच्या बाबतीत तिला जार म्हणतात. एरवी गवताशिवाय कशाला तोंड न लावणारी गायही व्याल्यावर जार खायला जाते. पोट बिघडेल किंवा ती घशात अडकेल म्हणून शेतकरी आधीच काढून पुरून टाकतो. बहुतेक सस्तन प्राणी जार खातात. उंटाचे कूळ आणि देवमाशांसारखे जलचर खात नाहीत. अमेरिकी संशोधक मार्क क्रिस्टल यांनी उंदरांवर दीर्घकाळ काम करून दाखवले की, जारेतला एक घटक शरीराची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा अधिक प्रभावी करतो. ‘सगळे प्राणी खातात, मग बाईने का नाही?’ हा प्रश्न इथूनच निघतो. पण २०१० साली १७९ मानवी समाजांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा आईने स्वतःची वार खाण्याचा पक्का रिवाज एकाही समाजात आढळला नाही. पुरणे, झाडाखाली ठेवणे, पाण्यात सोडणे हे मात्र जगभर सापडते.

पुष्कळदा चीनचा दाखला दिला जातो, तो अर्धाच खरा आहे. तिथल्या जुन्या औषधीशास्त्रात वाळवलेली वार ‘झ-ह-छ’ या नावाने होती. पण ती अशक्त रोग्यांसाठीचे औषध होती, त्याच बाळंतिणीला तिचीच वार देण्याची ती रीत नव्हती. २०१५ च्या चिनी औषधकोशातून ती वगळण्यात आली. आजची चाल १९७० च्या दशकातील अमेरिकेतल्या घरगुती बाळंतपणांच्या चळवळीतून आली आहे.

कृती : प्रसूतीनंतर वार लगेच बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवतात. मग रक्त जाईपर्यंत धुतात, पडदा आणि नाळ कापून काढतात. चिनी पद्धतीच्या नावाने जे करतात त्यात आले, लिंबू, कधी मिरची घालून ती वाफवतात, पातळ काप करतात, खाद्यपदार्थ वाळवायच्या यंत्रात आठ-दहा तास वाळवतात, दळतात आणि चूर्ण कॅप्सुलांत भरतात. एका वारेच्या शंभर ते दोनशे कॅप्सुला होतात. कच्च्या पद्धतीत वाफवणे गाळतात, तर काही जणी ताजा तुकडा फळांबरोबर मिक्सरला लावून पितात. रक्ताने भरलेले हे मांस आहे, आणि गोव्याच्या दमट हवेत मांस किती लवकर नासते हे इथल्या कोणत्याही स्वयंपाकघराला सांगावे लागत नाही.

ही चाल धरणाऱ्या बायकांच्या अपेक्षा सरळ आहेत : रक्त भरून यावे, दूध उतरावे, मन खचू नये. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही, या तिन्ही गरजा खऱ्या आहेत. प्रश्न आहे तो त्या वारेने भागतात का, हा.

लोहाचा हिशेब केला तर सुमारे ३.३ ग्रॅम चूर्ण, म्हणजे या कॅप्सुलांचा दिवसाचा भरपूर डोस, साधारण २.२ मिलिग्रॅम लोह देतो. सरकारी आरोग्य केंद्रात बाळंतिणीला १८० दिवस रोज मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, तेही फुकट. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत २३ स्त्रियांपैकी काहींना वारेच्या आणि काहींना गोमांसाच्या कॅप्सुला दिल्या. कोणाला काय मिळाले हे ना त्यांना माहीत होते ना देणाऱ्यांना. दोन्ही गटांच्या लोहात फरक पडला नाही. दुधाचा दावा तर उलटाच आहे. वार बाहेर पडल्यावर तिच्यातून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने खाली येते आणि त्या घसरणीनेच दूध भरायला लागते. वारेचा तुकडा आत राहिलेल्या बाईला दूध उशिरा येते, ते याच कारणाने.

धोक्याची बाजू २०१६ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात समोर आली. एका नवजात बाळाच्या रक्तात ‘ब’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडला. ११ दिवसांच्या उपचारांनंतर ते घरी गेले आणि पाच दिवसांत त्याच जंतुसंसर्गाने परत दाखल झाले. आई वारेच्या कॅप्सुला घेत होती, आणि त्या कॅप्सुलांत तोच जंतू मिळाला. तो घरातल्या दुसऱ्या कोणाकडून आला असण्याची शक्यता उरत होती. तरीही अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये वारेच्या कॅप्सुला घेणे टाळावे असे स्पष्ट लिहिले. मांसातले साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू पुरेसे मारायला ५४ अंश सेल्सिअसला १२१ मिनिटे लागतात. घरच्या वाळवणीत प्रत्येक कापाच्या आतपर्यंत तेवढी उष्णता तेवढा वेळ पोहोचली, हे कोण मोजणार? पाणमोट फुटून बराच वेळ गेला असेल, कळा चालू असताना ताप आला असेल, किंवा बाळाने पोटात शी केली असेल, तर अशी वार खाण्याचा विचारही करू नये.

तिसरी गरज मनाची, आणि गोव्यापुरते बोलायचे तर मला तीच सर्वांत मोठी वाटते. उत्तर गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात २७० मातांचा पाठपुरावा करून झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. यातले काहीही कॅप्सुलेत भरता येत नाही. बाळंतिणीला मेथीची पेज, नाचणीचे तिजण, हळिवाचा लाडू आणि शेकशेगडी देणाऱ्या घरात तिच्याजवळ दिवसभर कोणीतरी बसलेले असते. माझ्या मते त्या लाडवाइतकेच ते बसणेही औषधी आहे. फ्लॅटमध्ये एकटीच बाळ घेऊन बसलेली मुलगी वारेच्या गोळ्यांकडे वळते, ती बहुधा हेच शोधत असते. दोन आठवडे रडू थांबत नसेल, झोप येत नसेल किंवा बाळाविषयी भीतिदायक विचार येत असतील, तर डॉक्टरांना सांगावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

नियम : २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे इस्पितळात पडलेली वार पिवळ्या पिशवीत जाते आणि बहुधा जाळून नष्ट केली जाते. ती घरी न्यायची असेल, खायला नव्हे तर रिवाजाप्रमाणे पुरायलाही, तर आठव्या-नवव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. कळा सुरू झाल्यावर प्रसूतिकक्षात हा वाद नको. परिचारिका वार ताटात पसरून तिचे सगळे भाग जागेवर आहेत का ते पाहते. तुकडा आत राहिला तर पुढे रक्तस्राव होतो. शंका आल्यास वार तपासणीला पाठवतात आणि मग ती मिळत नाही. मिळालीच, तर झाकणाच्या भांड्यात घरी आणून विहिरीपासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावी. वर माड किंवा फणसाचे रोप लावणारी घरे आहेत.