प्रस्तावना

प्रस्तावना : ग्रंथाचा विषय, हेतू व मर्यादा मूळ मजकुराआधी सांगणारा गद्य भाग. संस्कृत नाट्यशास्त्रात नाटकाच्या आरंभी सूत्रधार जो प्रसंग सादर करतो त्यालाही हीच संज्ञा आहे.

‘प्र’ उपसर्गपूर्वक ‘स्तु’ धातूपासून हा शब्द झाला. सामगायनातील पाच भक्तींपैकी (गायनाच्या भागांपैकी) पहिलीला ‘प्रस्ताव’ म्हणतात आणि ती म्हणणारा ऋत्विज तो प्रस्तोता. म्हणजे आरंभाचा अर्थ या शब्दकुळात जुनाच आहे. ग्रंथारंभीच्या निवेदनाला हा शब्द नाटकावरून मिळाला की ‘प्रस्तुत करणे’ या सामान्य अर्थावरून, याबाबत दोन्ही पक्ष मांडता येतात. मात्र संस्कृत भाष्यकार अशा भागाला बहुधा उपोद्घात किंवा भूमिका म्हणत (शंकराचार्यांच्या गीताभाष्याचा उपोद्घात, सायणाची ऋग्वेदभाष्यभूमिका). त्यामुळे मराठीतील आजचा वापर मुद्रणकाळात, संस्कृत नाटकांशी परिचित असलेल्या शास्त्रीमंडळींच्या हातून स्थिरावला असावा, हे अधिक संभवनीय वाटते.

नाटकातील प्रस्तावना : धनंजयाने दशरूपक या नाट्यविषयक ग्रंथात (दहावे शतक) आमुख आणि प्रस्तावना एकच मानली आहेत. सूत्रधार नटीशी, मारिषाशी (सहायक नटाशी) किंवा विदूषकाशी आपल्या कामाविषयी बोलतो आणि त्या बोलण्यातूनच प्रस्तुत कथेकडे वळतो, असे तिचे लक्षण आहे. तिचे प्रकार दशरूपकात तीन : कथोद्घात, प्रवृत्तक व प्रयोगातिशय. विश्वनाथाने साहित्यदर्पणात (चौदावे शतक) उद्घात्यक व अवलगित हे आणखी दोन धरून ते पाच केले; पाचांची ही गणना भरताच्या नाट्यशास्त्रातही आहे. सूत्रधाराचे वाक्य किंवा त्याचा अर्थ उचलून पात्र आत आले की कथोद्घात. रत्नावली नाटिकेत मंत्री यौगंधरायण सूत्रधाराचाच श्लोक म्हणत प्रवेश करतो, हे त्याचे ठरलेले उदाहरण. प्रवृत्तकात सूत्रधाराने केलेल्या ऋतुवर्णनाच्या साम्याने पात्र सूचित होते.

खरा घोळ शाकुंतलाबाबत आहे. नटीच्या गाण्याने आपण दुष्यंतासारखे ओढले गेलो, असे सूत्रधार म्हणतो आणि लगेच हरिणामागे राजा येतो. दशरूपकावरील धनिकाच्या ‘अवलोक’ टीकेत हा प्रयोगातिशय ठरतो. साहित्यदर्पणात तेच स्थळ अवलगिताचे उदाहरण म्हणून येते. ‘हा तो’ अशा निर्देशाने पात्रप्रवेश होण्यावर धनिकाचा भर आहे, तर एका कार्यात दुसरे साधले जाण्यावर विश्वनाथाचा. नाटकातील ओळीशी ताडून पाहता धनिकाचे वर्गीकरण सरळ बसते.

नाट्यशास्त्राप्रमाणे पूर्वरंग (नाटकापूर्वीचे नांदी वगैरे विधी) आटोपून सूत्रधार गेला की त्याच्यासारखाच दुसरा नट, स्थापक, येऊन काव्याची, म्हणजे नाटकाची, स्थापना करतो. उपलब्ध नाटकांत हे काम सूत्रधारच करतो. पूर्वरंग नीट होत नसल्याने एकटा सूत्रधारच सगळे उरकतो, असे विश्वनाथ नोंदवतो. भासाची म्हणून १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध झालेल्या नाटकांत ‘प्रस्तावने’ऐवजी बहुधा ‘स्थापना’ हा शब्द येतो व तीत नाटककाराचे नाव नसते. ती नाटके भासाचीच का, या वादात हा मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरला गेला आहे.

मराठीतील ग्रंथप्रस्तावना : मुद्रणपूर्व काळात हे काम मंगलाचरणाला जोडून होई. दासबोधाचा पहिला समास ‘ग्रंथारंभलक्षण’ ग्रंथाचे नाव, विषय, आधार आणि श्रवणाचे फळ क्रमाने सांगतो. विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी (ग्रंथास पात्र वाचक) हे शास्त्रग्रंथांचे अनुबंधचतुष्टय त्यात जवळजवळ पुरे होते.

संशोधकांच्या हाती प्रस्तावना स्वतंत्र प्रबंध झाली. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडास (१८९८) आणि ‘राधामाधवविलासचंपू’स (शके १८४४) लिहिलेल्या प्रस्तावना मूळ ग्रंथ न उघडणारेही वाचतात. श्री. व्यं. केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तर पहिले पाच विभागच ‘प्रस्तावनाखंड’ आहेत. ललित साहित्यात दुसऱ्याने प्रस्तावना लिहिण्याची प्रथा आहे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मनोगत लेखकाचेच असते. भूमिका, प्रास्ताविक यांच्या सीमा मात्र सैल आहेत.

संपादित पोथीच्या प्रस्तावनेत हस्तलिखितांची ठिकाणे व संकेताक्षरे (प्रत्येक प्रतीची खूण म्हणून ठरवलेली अक्षरे), पानांची संख्या, लेखनकाल, पाठ निवडण्याचे धोरण, कर्ता व कालनिर्णय एवढे तरी यावे लागते. संकेताक्षरे राहिली तर तळटीपांतले पाठभेद निरुपयोगी होतात. ही प्रस्तावना संहितेची (मूळ मजकुराची) पाने पक्की झाल्यावरच पुरी करता येते, कारण तीत पृष्ठांचे हवाले असतात. म्हणून आरंभीच्या पानांना एक, दोन, तीन असे अक्षरी क्रमांक देऊन संहिता १ पासून मोजतात. प्रस्तावना वाढली तरी पुढचे आकडे हलत नाहीत. बाहेरच्या लेखकाला कच्ची प्रत दिली आणि नंतर मजकूर बदलला, की प्रस्तावनेतील अवतरणे पुस्तकात सापडत नाहीत. पुनर्मुद्रणात नव्याने जुळणी झाल्यावर जुने पृष्ठांक तसेच ठेवण्याची चूकही नित्याची.

जुन्या प्रस्तावनांखाली शक व तिथी असते. शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात. पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शके १८४४ च्या माघातील सही त्यामुळे १९२३ ची ठरते, मुखपृष्ठावर १९२२ असले तरी.