उपासनापूर्व मनन (बेळगाव सीमाभाग)

रविवारची ख्रिस्ती उपासना सुरू व्हायच्या आधी, नाहीतर शनिवारी रात्री घरीच, बायबलातला छोटासा उतारा वाचून त्यावर तीन-चार मिनिटं बोलायचं, जरा गप्प बसायचं आणि एक प्रार्थना करून मन उपासनेला तयार करायचं, अशी ही पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना ती सांगायला लागत नाही. हे प्रवचन नव्हे. प्रवचन पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) काम, मनन मात्र मंडळीतलं कोणीही करतं, शिक्षक, नर्सबाई, तरुण संघातली पोरं, फक्त आधी सांगून ठेवलेलं असतं म्हणजे ऐनवेळी ‘तुम्ही करा, तुम्ही करा’ होत नाही.

उतारे बहुतेक ठरलेलेच येतात. स्तोत्र ९५ मधलं देवापुढे येण्याचं बोलावणं, स्तोत्र १३९ च्या शेवटची ‘माझी झडती घे’ ही विनवणी, हबक्कूक २:२० मधलं परमेश्वरापुढे स्तब्ध राहणं, आणि प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घ्यायचा) रविवार असला की १ करिंथ ११:२८, ज्यात भाकर खायच्या आणि प्याला घ्यायच्या आधी माणसानं स्वतःची परीक्षा करावी असं पौल सांगतो. पण सगळ्यात टोचणारा उतारा मत्तय ५:२३-२४ : दान घेऊन वेदीजवळ आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. यावरचं मनन साधारण असं चालतं की बोलणारा आधी उतारा वाचतो, मग म्हणतो, ‘आज दानाचं पाकीट आणलंय सगळ्यांनी, खरं बांधावरनं भावाशी बोलणं बंद हाय त्याचं काय?’, एवढ्यावर थांबतो, अर्धा मिनिट कोणी काही बोलत नाही, मग प्रार्थना, मग पहिलं गीत. चांगलं मनन ते एवढंच. जे लोक पुढं तीन दाखले आणि दोन किस्से जोडतात त्यांनी प्रवचन सुरू केलेलं असतं.

ही पद्धत सीमाभागात नेमकी कुठून आली यावर मतं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाच्या मताला त्याच्या त्याच्या चर्चचा रंग आहे. एक मत अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) उपासनाक्रमाकडे बोट दाखवतं. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात १५५२ मध्ये सकाळच्या प्रार्थनेच्या तोंडाशी शास्त्रवचनं, मंडळीला उपदेश आणि पापकबुली असा भाग जोडला गेला, तोच १६६२ च्या आवृत्तीत कायम राहिला आणि लष्करी छावणीमुळं बेळगाव कॅम्पात पोचला. हे खरं, पण तो भाग छापील आहे, दर आठवड्याला तोच, आणि म्हणतो तो धर्मगुरू. आपलं मनन तोंडी आणि दरवेळी नवं, त्यामुळं जागा तीच असली तरी वंश तोच असं म्हणणं धाडसाचं.

दुसरं मत मिशनांचं. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केलं, पुढे विल्यम बेनन आले (बेनन स्मिथ शाळेच्या नावातले ते हेच), आणि १९०४ च्या सुमारास हे क्षेत्र अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. मेथडिस्टांची जुनी सवय म्हणजे क्लास मीटिंग, १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झालेली, साधारण बारा जणांचा गट, पाळक नसलेला पुढारी, आणि दर आठवड्याला प्रत्येकाला विचारायचं की तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय. सामान्य माणसानं बोलणं, थोडक्यात बोलणं, स्वतःला तपासणं, हे तिन्ही गुण इथं भेटतात, म्हणून हे मत जास्त पटतं. त्याला पूरक म्हणून धारवाडकडची बासेल मिशन धरावी लागते. ही मंडळी १८३७ मध्ये धारवाडला आली, तिची मुळं जर्मन-स्विस भक्तिवादात (‘पायटिझम’, म्हणजे वैयक्तिक भक्ती आणि बायबलवाचनावर भर देणारी प्रॉटेस्टंट चळवळ), आणि त्याच भक्तिवादी वर्तुळात हेर्नहूट गावच्या मोरावियन मंडळीनं १७२८ पासून रोजचं एक वचन ठरवून घरोघर सांगायची प्रथा पाडली होती, १७३१ पासून ती छापूनही येऊ लागली. बासेलचं काम मात्र कन्नडमध्ये होतं, तेव्हा मराठी घरांपर्यंत हा धागा थेट न येता शेजारच्या कन्नड मंडळ्यांतून आला असावा.

निपाणी-चिकोडीचं गणित थोडं वेगळं. तिथून कोल्हापूर जवळ, आणि कोल्हापूरला रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेलं काम पुढे प्रेस्बिटेरियन झालं. प्रेस्बिटेरियन लोकांत प्रभुभोजनाच्या आदल्या दिवसांत तयारीची सभा घ्यायची जुनी रीत आहे, शनिवार रात्रीच्या मननाशी तिचं नातं लावायला जागा आहे.

काही जण याहून मागं, थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यापर्यंत जातात, कारण ते गोव्यातल्या चर्चमध्ये रविवारी वाचलं जायचं आणि खानापूर-बेळगावातली बरीच कॅथलिक घराणी मूळची गोव्याकडची. कल्पना मोहक आहे, पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला आणि ती वाट अरुंद झाली. अखंड परंपरा म्हणण्यापेक्षा दूरचा पूर्वज म्हणणं बरं.

बोलण्याची धाटणी मात्र पूर्ण मराठी आहे आणि ती मिशनऱ्यांनी दिलेली नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात (पहिल्या, उपदेशाच्या भागात) एक पद घेऊन निरूपण करतात तसं इथं वचन घेऊन निरूपण. अहमदनगरकडे १८६० च्या दशकातच ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली होती, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजनांनी ही वाट रुंद केली, आणि त्यांची पदं सीमेच्या अलीकडंही आली. म्हणून मननाच्या शेवटी पुष्कळदा प्रार्थनेऐवजी भजनाचं एक कडवंच घेतात, पेटीवाला आधीच सूर धरून बसलेला असतो.

कॅथलिकांकडे हे उशिरा आलं. बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा, पण मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत व्हायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा) १९६३ चा उपासनाविषयक दस्तऐवज लागला. त्यानंतर मिस्साच्या सुरुवातीला, पश्चात्तापविधीच्या आधी, दिवसाच्या वाचनांची दोन वाक्यांत ओळख करून द्यायला वाव मिळाला. वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन ही बाराव्या शतकातल्या दुसरा ग्वीगो या मठवासी साधूनं मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत रिट्रीटमध्ये (एकांत-शिबिरात) शिकवतात, घरी मात्र रोझरीच (जपमाळेची प्रार्थना) जास्त चालते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर शाळा-कचेऱ्यांत कन्नड वाढलं तसं मंडळ्यांतही वाढलं. मिश्र मंडळीत उतारा कन्नडमध्ये आणि मनन मराठीत, किंवा उलट, असं चालतं, दोन्ही भाषांत सगळंच परत सांगितलं की वेळ दुप्पट होते म्हणून ते टाळतात. हल्ली शनिवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस मेसेज येतो. सोय आहे, पण ऐकणारा भाजी चिरता चिरता ऐकतो, मधली शांतता त्यात जातेच. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) चाळीस दिवसांत हे मनन रोजचं होतं, इतर वेळी आठवड्याचं.