मुंबईतले कागदी गोदाम आणि १९० देशांची यादी

एक दुमजली गोदाम. क्षेत्रफळ बरोबर १,३००.६ चौरस मीटर. आत ठेवायचा माल म्हणजे पुस्तके, स्टेशनरी असले काहीतरी. ते मुंबईत बांधायचे आहे. तर महापालिकेकडे किती अर्ज करावे लागतील, अग्निशमन दलापासून पाणी खात्यापर्यंत किती ना-हरकत दाखले जमवावे लागतील, किती दिवस जातील आणि किती पैसे?

हे गोदाम कधी उभे राहिले नाही, उभे राहणार नव्हतेच. कोणत्या देशात धंदा करणे किती सोपे हे मोजणाऱ्या जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालाच्या प्रश्नावलीतले ते एक गृहीतक होते. नेमका हाच नकाशा डोळ्यांपुढे ठेवून लागोसपासून ढाक्यापर्यंतचे वास्तुविशारद आणि वकील उत्तरे भरून पाठवत आणि त्या उत्तरांवरून देशांचे क्रमांक लागत. मुंबईच्या गोदामांचा खरा पसारा भिवंडीच्या आसपासच्या गावांत आहे, मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर. पण प्रश्नावलीला त्याच्याशी देणेघेणे नव्हते. तरीही या कागदी गोदामापायी मुंबईचे बांधकाम परवाने बदलले, न्हावाशेवा बंदरातली कामाची पद्धत बदलली आणि दर ऑक्टोबरअखेर दिल्लीत पत्रकार परिषदा होऊ लागल्या. विकसनशील देशांत खासगी उद्योग वाढावा म्हणून सुरू झालेला विचार एका यादीपाशी कसा येऊन पोहोचला, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

सुरुवात लिमाची. पेरूच्या या राजधानीत १९८३ साली एर्नांदो दे सोतो या अर्थतज्ज्ञाच्या संस्थेने एक प्रयोग केला. शहराच्या कडेच्या वस्तीत शिलाईचा लहानसा कारखाना काढायचा आणि त्याची नोंदणी अगदी नियमाप्रमाणे करायची. वशिला लावायचा नाही, चिरीमिरी शक्य तितकी टाळायची. माणसे रोज तासन् तास कचेऱ्यांचे खेटे घालत राहिली. नोंदणी पुरी व्हायला २८९ दिवस लागले. खर्च आला किमान मासिक वेतनाच्या ३१ पट. दे सोतोंचा निष्कर्ष सरळ होता: गरीब माणूस कायद्याबाहेर धंदा करतो तो कायदा मोडायची हौस म्हणून नव्हे, कायद्याच्या आत येणे त्याला परवडत नाही म्हणून. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ म्हणणाऱ्या आपल्याला यात नवे काही वाटणार नाही. नवे होते ते दिवस मोजणे.

काळही तशा मोजणीला अनुकूल होता. १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जफेडीपुढे हात टेकले आणि लॅटिन अमेरिका नि आफ्रिकेतले देश एकामागून एक नाणेनिधीच्या दारात उभे राहिले. आयातशुल्क कमी करा, सरकारी कंपन्या विका, तूट आवरा, ही औषधयोजना दशकभर चालली. पण सरकार मागे सरले म्हणून खासगी उद्योग आपोआप पुढे आला असे सगळीकडे झाले नाही. भारताचेच उदाहरण घ्या. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने उभी केलेली परवाना पद्धत २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतांशी मोडीत काढली. परवाना सक्तीचा राहिला तो फक्त १८ उद्योगांना. दिल्लीचे मोठे दार उघडले. मात्र त्यापुढची लहान दारे, म्हणजे कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळ, वीजजोडणी, बिगरशेती परवानगी, मुद्रांक शुल्क, गुमास्ता, ही राज्यांच्या आणि पालिकांच्या हातात होती, आणि तिथे १९९१ पोहोचायला फार वेळ लागला. माझ्या मते अजूनही ते सगळीकडे पोहोचलेले नाही.

लिमाच्या प्रयोगाला जागतिक रूप दिले ते सिमेऑन जान्कॉव्ह, आंद्रेई श्लायफर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी. ८५ देशांत नवी कंपनी सुरू करायला कायद्याने किती पायऱ्या चढाव्या लागतात, याची त्यांनी मोजदाद केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार कॅनडात दोन पायऱ्या होत्या, डॉमिनिकन प्रजासत्ताकात २१; ऑस्ट्रेलिया नि कॅनडात दोन दिवस पुरत, मादागास्करमध्ये कामकाजाचे १५२ दिवस लागत. जिथे पायऱ्या जास्त तिथे मालाचा दर्जा चांगला, असे काही आढळले नाही. भ्रष्टाचार आणि नोंदणीबाहेरचे धंदे मात्र तिथे जास्त आढळले.

त्यातूनच ऑक्टोबर २००३ मध्ये ‘डुइंग बिझनेस’चा पहिला अहवाल निघाला. १३३ देश आणि पाच विषय: कंपनी काढणे, कामगार नेमणे व काढणे, कराराची अंमलबजावणी, कर्ज मिळणे, धंदा गुंडाळणे. दोन वर्षांनी, २००५ च्या अहवालात, १५५ देशांना पहिल्यांदा सलग क्रमांक दिले गेले. भारत ११६ वा होता. पहिली खरी कलाटणी हीच. आकड्यांचे तक्ते त्याआधीही होते आणि ते अर्थखात्यातले चार अधिकारी वाचत. क्रमांक मात्र पंतप्रधान वाचतो.

जॉर्जियाने हे सर्वांत आधी ओळखले. २००३ च्या सत्तांतरानंतर तिथल्या सरकारने परवान्यांची भली मोठी यादी छाटून टाकली आणि एका वर्षात देश ११२ वरून ३७ वर आला. रवांडाने २००८ मध्ये विकास मंडळ स्थापून कंपनी नोंदणीची कामे एका छपराखाली आणली. पुढच्याच वर्षी तो १४३ वरून ६७ वर गेला आणि सर्वाधिक सुधारणा करणारा देश म्हणून त्याचे नाव झळकले. अनेक देशांत अहवालातला एकेक विषय वाटून घेणाऱ्या समित्या बसल्या. यात वाईट काय, असे कोणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. बिनकामाचा शिक्का, बिनकामाची खिडकी बंद झाली तर भले छोट्या माणसाचेही होते. शिवाय खात्याच्या सचिवाला ‘शेजारचा देश हे तीन दिवसांत करतो’ असे पुराव्यानिशी सांगता येऊ लागले, ही सोय काही लहान नाही.

अडचण होती ती मोजायच्या कंपनीत. अहवालातली नमुना कंपनी मर्यादित दायित्वाची, पाच मालकांची, दहा ते पन्नास कामगारांची आणि देशातल्या सर्वांत मोठ्या शहरातली. लिमाच्या वस्तीतला शिलाईवाला या व्याख्येत बसलाच नसता! उत्तरे देणारेही उद्योजक नसत. ते वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद असत आणि कायदा काय म्हणतो ते सांगत. प्रत्यक्षात फाइल कशी हलते हा वेगळा विषय. मेरी हॉलवर्ड-ड्रीमायर आणि लँट प्रिचेट यांनी हे आकडे बँकेच्याच उद्योग-सर्वेक्षणांशी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंचा फारसा मेळ बसेना. कागदावर कडक नियम असलेल्या देशांत काहींची कामे झटपट होत होती, काही वर्षभर रखडत होते. म्हणजे तिथे नियम चालत नव्हता, ज्याची त्याची तडजोड चालत होती.

भारताची धावाधाव २०१४ नंतरची. त्या ऑक्टोबरमधल्या अहवालात आपण १४२ वे होतो आणि बांधकाम परवान्यांत १८९ देशांमध्ये १८४ वे. नव्या सरकारने पहिल्या पन्नासांत येण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तोवर भारताचा क्रमांक म्हणजे केवळ मुंबईचा क्रमांक असे. त्याच वर्षापासून दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशांत दुसरे शहर धरायचे ठरले आणि दिल्लीची भर पडली. लोकसंख्येच्या हिशेबाने मुंबईचे वजन ४७ टक्के, दिल्लीचे ५३. पुणे, नाशिक, इचलकरंजी किंवा तिरुप्पूर यांचे वजन शून्य.

मग व्हायचे तेच झाले. खासगी कंपनीसाठीची एक लाखाच्या किमान भांडवलाची अट २०१५ मध्ये गेली, २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता आली, कंपनीचे नाव, पॅन आणि टॅन एकाच अर्जात मिळू लागले. ही कामे देशभराची. बाकी सारा जोर दोन महापालिका आणि बंदरांवर होता. मुंबई महापालिकेने परवानगीची प्रक्रिया ऑनलाइन केली, निरनिराळ्या खात्यांचे दाखले एका अर्जात आणले. पायऱ्या ३७ वरून २० वर आल्या, दिवस १२८.५ वरून ९९ वर. बांधकाम परवान्यांत भारत एका वर्षात १८१ वरून ५२ वर आला. न्हावाशेवात कंटेनर बंदरातून थेट आयातदाराकडे नेण्याची सोय वाढली आणि सीमापार व्यापारात आपण १४६ वरून ८० वर आलो. एकूण क्रमांक १०० झाला, मग ७७, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १९० देशांत ६३.

त्याच अहवालात करार अंमलात आणण्याच्या बाबतीत भारत १६३ वा होता. साधी व्यापारी थकबाकी न्यायालयातून वसूल करायला १,४४५ दिवस, म्हणजे चार वर्षांच्या आसपास. मालमत्तेच्या नोंदणीत १५४ वा. महापालिकेचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तुंबलेली न्यायालये आणि सातबाराचे घोळ असे वर्षभरात सुटत नाहीत. वॉशिंग्टनच्या सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंटमधल्या अभ्यासकांनी तर भारताच्या चढणीत सुधारणांपेक्षा बँकेने बदललेल्या मोजणी-पद्धतीचाच वाटा मोठा असल्याचे दाखवले. आणि नीती आयोगाने आयडीएफसी इन्स्टिट्यूटसोबत तीन हजारांहून अधिक उद्योगांना प्रत्यक्ष विचारले, तेव्हा उद्योग सुरू करायला सरासरी ११८ दिवस लागल्याचे उत्तर आले. बँकेच्या हिशेबात ते २६ होते. २०१७ सालचा हा सरकारी अहवाल आहे, विरोधकांचा नव्हे. राज्यांच्या ‘एक खिडकी’चा लाभ नव्या उद्योगांपैकी जेमतेम पाचातला एक घेत होता.

महाराष्ट्राची गंमत निराळीच. देशाच्या आकड्यातला जवळपास अर्धा भार मुंबई उचलत असताना, केंद्राने जागतिक बँकेच्या मदतीने काढलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र २०१५ मध्ये आठवा आणि २०१८ मध्ये तेरावा होता. झारखंड आणि छत्तीसगडच्याही मागे. परकीय गुंतवणुकीत तो तेव्हाही आघाडीच्या राज्यांत होता. गुंतवणूकदार यादी पाहून येतात असे मानले तर याचा अर्थ लागत नाही. ते बाजारपेठ, बंदर, कुशल कामगार आणि सुटे भाग बनवणारे शेजारी पाहतात. दुकानदारांच्या लेखी खरा बदल यादीबाहेरून आला: २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणीतून सुटका केली, नुसती माहिती कळवली की झाले.

बांगलादेश हे तर या यादीपुढचे कायमचे कोडे. २०१९ मध्ये तो १६८ वा होता आणि त्याच वेळी चीनखालोखाल जगातला सर्वांत मोठा तयार कपड्यांचा निर्यातदार. तो उद्योग उभा राहिला तो क्रमवारी जन्मण्याच्या कितीतरी आधी. १९७९ च्या सुमारास देश गारमेंट्स या कंपनीने १३० जणांना दक्षिण कोरियात देवू या कंपनीच्या कारखान्यात शिकायला पाठवले. सरकारने दोनच अडचणी नेमक्या दूर केल्या: निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर शुल्क न घेता ते बंधपत्रित गोदामात ठेवू दिले, आणि परदेशी खरेदीदाराच्या पतपत्राच्या (पैसे मिळण्याच्या बँकेच्या लेखी हमीच्या) आधारावरच कापडाच्या आयातीसाठी दुसरे पतपत्र उघडू दिले. बाकी नोकरशाही होती तशीच राहिली. पुढे देश गारमेंट्सच्या शिकलेल्या माणसांनी आपापले कारखाने काढले. उलट भारतात क्रमांक भराभर वर चढत होता त्या काळात स्थिर भांडवलनिर्मितीचे, म्हणजे इमारती, यंत्रे यांतल्या गुंतवणुकीचे, जीडीपीशी प्रमाण २०११-१२ मधल्या ३४ टक्क्यांच्या आसपासून तिशीच्या खाली घसरले. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारला कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणावा लागला तो याच काळजीने.

यादीवर आक्षेप जुनेच होते. कामगार काढणे जितके सोपे तितके गुण जास्त, या निकषाला कामगार संघटनांनी इतका विरोध केला की तो अखेर क्रमवारीतून वगळावा लागला. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे ट्रेव्हर मॅन्युएल यांच्या समितीने अहवाल ठेवा, पण एकत्रित क्रमवारी सोडा असा सल्ला दिला. बँकेने तो मानला नाही. जानेवारी २०१८ मध्ये बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांनी चिलीच्या क्रमांकांबद्दल उघड शंका घेतली. नंतर विधान सौम्य केले, पण त्याच महिन्यात पदही सोडले.

ऑगस्ट २०२० मध्ये अहवाल थांबवण्यात आला. चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकडेवारीत गडबड सापडली होती. फेरहिशेबात २०१७ च्या अहवालातला चीन ७८ ऐवजी ८५ वा निघाला, २०१९ मधला सौदी ६२ ऐवजी ६३ वा. विल्मरहेल या विधिसंस्थेच्या चौकशीत निघालेली पार्श्वभूमी जास्त बोलकी होती. २०१७ मध्ये बँक सदस्य देशांकडून भांडवलवाढ मागत होती आणि चीन आपल्या क्रमांकावर नाखूश होता. चीनचे आकडे सुधारण्यासाठी वरून दबाव आल्याचे चौकशी अहवालात म्हटले होते. त्यात बँकेच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पुढे नाणेनिधीच्या प्रमुख झालेल्या क्रिस्तालिना जॉर्जिएव्हा यांचे नाव होते, तसेच मूळ निबंधाचे जान्कॉव्ह यांचेही. जॉर्जिएव्हांनी निष्कर्ष नाकारले आणि नाणेनिधीच्या संचालक मंडळाने त्यांच्यावर विश्वास कायम ठेवला. १६ सप्टेंबर २०२१ रोजी बँकेने अहवाल कायमचा बंद केला.

त्याच्या जागी आलेल्या, बँकेच्याच ‘बी-रेडी’ अहवालाचा पहिला अंक ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाला. त्यात कायदा काय म्हणतो, सरकारी सेवा कशी आहे आणि प्रत्यक्षात किती वेळ जातो, हे तिन्ही वेगळे मोजले जाते. तिसऱ्यासाठी उद्योजकांनाच विचारले जाते. एकत्रित क्रमवारी नाही. पहिल्या अंकात पाहणी झालेल्या ५० देशांत बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळ होते, भारत नव्हता. देशांतर्गत यादीनेही वाट बदलली: २०२२ च्या निकालात राज्यांना क्रमांक न देता गटांत बसवले गेले आणि महाराष्ट्र सर्वोच्च गटात नव्हे, त्याच्या खालच्या गटात आला. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली गुन्हेगारी कलमे काढली किंवा सौम्य केली. यातले कोणतेही काम जुन्या यादीत एका क्रमांकानेही मोजले गेले नसते.