‘शुक्रवार रात’ म्हणजे नेमकी कुठली रात्र?

सोमवारी सकाळी ११ वाजता सेक्स वर्कर असलेली एक बाई समुपदेशकासमोर येऊन बसते. बंगालमधून मुंबईत येऊन तिला अजून वर्ष झालेलं नाही. हिंदी कामापुरती येते. ती सांगते, ‘शुक्रवार रात एक बजे कंडोम फट गया.’

कामाठीपुरा किंवा फॉकलंड रोड या मुंबईतल्या वेश्यावस्त्यांत रात्रीचा एक ही ऐन धंद्याची वेळ. तिच्या हिशेबात शुक्रवारची रात्र ती झोपायला जाईपर्यंत चालते, म्हणजे घटना शनिवारी उजाडायच्या आधीची. कॅलेंडरच्या हिशेबात मात्र शुक्रवारचा एक वाजला तो गुरुवारच्या रात्री. पहिला अर्थ धरला तर ५८ तास झालेत, दुसरा धरला तर ८२. आणि एचआयव्ही रोखणारं ‘पेप’ हे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. एका वाराच्या गोंधळात तिची संधी हुकू शकते.

हे ७२ तास कुठून आले? विषाणू शरीरात शिरल्यावर आधी तिथल्याच पेशींत वाढतो, मग लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि पुढे सगळीकडे पसरतो. पेपच्या गोळीत साधारणपणे तीन औषधं असतात. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम ही दोन विषाणूला स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवू देत नाहीत. डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसू देत नाही. एकदा तो घुसून बसला की त्याला बाहेर काढता येत नाही. म्हणून पहिली गोळी शक्यतो दोन तासांत जावी, रिपोर्टची वाट पाहत थांबू नये. पुढे २८ दिवस रोज एक. पेप द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, पण ठरवण्यासाठी त्यांच्या हातात तास अचूक यायला हवेत.

त्यामुळे समुपदेशकाने ‘कब हुआ?’ एवढं विचारून भागत नाही. हिंदीतला ‘कल’ आणि बंगालीतला ‘काल’ कालही असतो आणि उद्याही. ‘परवा’ तर आपल्या मराठीतही दोन्हीकडे जातो. क्रियापदावरून अर्थ कळतो खरा, पण मोडक्यातोडक्या हिंदीत पहिलं गळतं ते क्रियापदच. विचारायचं असं: त्यानंतर तू किती वेळा झोपून उठलीस? ती रात्र संपून उजाडलं तेव्हा कुठला वार होता? मग समोर तारखा मांडून तास मोजायचे. पुढचे २८ दिवसही असेच, कॅलेंडरवर खुणा करून द्यायचे. ॲसिडिटीची, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही, हे आवर्जून सांगावं. सोपा नियम असा: पेपची गोळी अशा गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर.

रिपोर्टचा घोळ याहून वाईट. शाळेत, ऑफिसात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं, ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट. एचआयव्हीच्या रिपोर्टवर नेमकं उलटं. हे दोन शब्द टाळून ‘रक्तात विषाणूची खूण सापडली’ किंवा ‘सापडली नाही’ असं सांगावं. ‘सापडली नाही’ म्हटल्यावर पुढचं वाक्य लगेच जोडायलाच हवं: बोट टोचून केलेल्या तपासणीत ही खूण उमटायला तीन महिने लागू शकतात, म्हणून तीन महिने झाल्यावर पुन्हा यायचं.

सिफिलिस तर स्वतःच फसवतो. पहिली जखम दुखत नाही आणि औषधाशिवायही काही आठवड्यांत भरून येते. बाईला वाटतं, बरं झालं. जंतू मात्र आतच असतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनासारखं योग्य औषध मिळेपर्यंत आजार संपत नाही. ‘दुखत नाही ना?’ या प्रश्नावर ती ‘नाही’ म्हणेल, आणि तपासणी तिथेच थांबेल. म्हणून ‘कुठे फोड, जखम दिसली होती का, आपोआप गेली का?’ असं विचारावं.

कंडोम कसा वापरायचा हे बोटावर दाखवू नये. बघणारीला तो बोटावरच घालायचा असं वाटू शकतं. लाकडी मॉडेल घ्यावं: तारीख बघ, पाकीट दाबून आत हवा आहे का बघ, दाताने न फाडता बोटांनी फाड, टोक चिमटीत धरून हवा काढ, मग बुडापर्यंत उलगड, बाहेर काढताना बुडाशी धर. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लॅटेक्स मिनिटभरातही कमकुवत होऊ शकतं. वंगण पाण्याचं किंवा सिलिकोनचंच लागतं. एकावर एक दोन कंडोम घातले तर घर्षणाने फाटण्याची शक्यता वाढते. फाटल्यावर साबण, डेटॉलने आत धुणं हा सर्रास होणारा प्रकार. त्याने योनीतले उपकारक लॅक्टोबॅसिलस जंतू मरतात, अस्तर सोलवटतं आणि धोका उलट वाढतो.

आणि दुभाषी कोण, हे नीट बघावं. घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) किंवा गिऱ्हाईक आणणारा माणूस मध्ये बसला तर बाई ‘सब ठीक है’च म्हणणार. तिच्याच भाषेची प्रशिक्षित सखी हवी. ती नसेल तर फोनवरून दुभाषी घ्यावी, पण घरवालीला आणि त्या माणसाला बाहेर बसवावं. शेवटी ‘समझा?’ न विचारता ‘घरी मैत्रिणीला हे कसं सांगशील, मला सांग’ म्हणावं. चूक कुठे राहिली ते तिथल्या तिथे कळतं.

मारहाण किंवा बलात्कार झाला असेल तर कोणतंही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, मोफत प्रथमोपचार नाकारू शकत नाही. आधी पोलीस तक्रार हवी ही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशानुसार इतर कुणाही पीडितेला मिळते ती सगळी मदत सेक्स वर्करलाही मिळायलाच हवी. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ प्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट घरवालीलाही सांगता येत नाही. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७, तातडीच्या वेळी ११२, हे दोन नंबर तिला तोंडपाठ करून द्यावेत, कारण फोन बऱ्याचदा तिच्या हातात नसतो.

एआरटी (एचआयव्ही झाल्यावर रोज घ्यायच्या गोळ्या) चालू असलेली बाई सणासुदीला गावी निघाली किंवा रातोरात दुसऱ्या शहरात नेली गेली की गोळ्यांत खंड पडतो. निघायच्या आधी एआरटी केंद्रातून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि बदलीचा कागद घेता येतो, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं. कागदाचा फोटो मात्र सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या फोनमध्ये ठेवू नये.