हात उचलण्याआधी पोट आवळतं
‘पिलाटीजमुळे स्नायू लांब आणि सडपातळ होतात’ ही या व्यायामपद्धतीची जाहिरात तुमच्याही नजरेखालून गेली असेल. स्नायू हाडांना जिथे जोडलेले असतात, त्या जागा कुठल्याही व्यायामाने सरकत नाहीत. मग बांधा लांबट होणार कसा? ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ हा दावा तर सोडूनच द्या, त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

पण जाहिरात पोकळ म्हणून व्यायाम पोकळ ठरत नाही. जर्मनीत १८८३ साली जन्मलेले जोसेफ पिलाटीज आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, अचूकता, श्वास आणि ओघ ही सहा तत्त्वांची यादी त्यांच्या निधनानंतर (१९६७) पुढच्या पिढीने बांधली. त्यातलं खरं गमतीचं तत्त्व ‘केंद्र’, म्हणजे धडाचा मधला भाग.

उभं राहून हात झटकन समोर उचला. खांद्याचा डेल्टॉइड स्नायू कामाला लागण्याच्या काही शतांश सेकंद आधीच पोटाचा सर्वांत आतला, आडव्या तंतूंचा ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस कमरपट्ट्यासारखा आवळला जातो. हात उचलल्याने धडाला हिसका बसणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. हिसका बसल्यावर मज्जातंतूंकडून निरोप येईपर्यंत थांबलं तर उशीर होईल. हा पट्टा आवळला, वरून श्वासपटल आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले गेले, की उदरपोकळीतला दाब वाढतो. शिवाय पट्ट्याचे तंतू पाठीमागे थोरॅकोलंबर फॅशिया या कमरेमागच्या तंतुमय पडद्याला जोडलेले असल्याने तो पडदाही ताणला जातो आणि कमरेचे मणके स्थिरावतात.

हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ मध्ये स्नायूंत बारीक तारांचे इलेक्ट्रोड घालून हे मोजलं. कंबरदुखीच्या रुग्णांत हा पट्टा उशिरा आवळत होता. उशिरामुळे दुखणं की दुखण्यामुळे उशीर, यावर वाद आहे.

अडचण अशी की श्वासपटलाला श्वासही चालवायचा असतो. म्हणून पोट फुगवण्याऐवजी बरगड्या बाजूंना फुलवून श्वास घ्यायला शिकवतात. ‘हंड्रेड’ या व्यायामात पाठीवर पडून डोकं आणि खांदे उचलायचे, हात वरखाली हलवत पाच ठोके श्वास आत, पाच ठोके बाहेर, असं दहा वेळा. मान आधी दुखू लागली तर डोकं खुशाल खाली टेकवावं.

कंबरदुखीवरच्या पिलाटीजच्या प्रयोगांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. जवळपास काहीच उपचार न करण्यापेक्षा पिलाटीज बरं, पण इतर व्यायामांहून सरस असल्याचा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही.