पार्श्वभूमी: मालमत्तेच्या नुकसानीला कडक शिक्षा, आणि त्या कडकपणाचा खर्च

बंदमध्ये एसटीच्या काचा फुटल्या की दुसऱ्या दिवशी आकडा छापून येतो: इतक्या गाड्या, इतक्या लाखांचे नुकसान. पुढे त्या गुन्ह्याचा तपास, कोठडी, वर्षानुवर्षे चालणाऱ्या तारखा आणि भरपाईचे दावे यांवर त्याच तिजोरीतून किती पैसे गेले, हा आकडा कुठेच येत नाही. शिक्षा वाढवण्याची मागणी मात्र दर काही वर्षांनी नव्याने होते आणि बहुतेक वेळा मान्यही होते.

इंग्रजांच्या काळात हा खर्च निदान उघडपणे मांडला जाई. 1861च्या पोलीस कायद्यात अशांत भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करण्याची सोय होती. 1942च्या आंदोलनात तारा तोडणे आणि रूळ उखडणे सुरू झाले, तेव्हा वटहुकूम काढून गावेच्या गावे सामूहिक दंडाखाली आणली गेली. दोषी कोण, निर्दोष कोण हे न पाहता केलेली ती वसुली अन्यायाचीच होती. स्वातंत्र्यानंतर हा खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीवर आला आणि त्याचा वेगळा हिशेब ठेवण्याचे कुणाला सुचले नाही.

आजच्या चर्चेचा पाया 1984चा सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा. पाणी, वीज, तेल, सांडपाणी, खाणी, सार्वजनिक वाहतूक, दूरसंचार अशी कळीच्या सुविधांची यादी त्याने तेव्हाच केली होती. त्यांचे नुकसान केल्यास किमान 6 महिने आणि कमाल 5 वर्षे कैद, आग किंवा स्फोटक वापरल्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे कायदा चाळीस वर्षांपूर्वीही मवाळ नव्हता. अडत होते ते पुराव्यापाशी. शेकडोंच्या जमावात दगड नेमका कुणाच्या हातून सुटला, हे न्यायालयात टिकेल असे सांगणारा साक्षीदार मिळत नाही. शिक्षेची वर्षे वाढवून ही अडचण सुटत नाही.

तरीही वाढ होत राहिली, आणि तीही विस्कळीतपणे. 2003च्या वीज कायद्यात पुरवठा तोडण्याच्या हेतूने तार कापणाऱ्याला 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तीच तार सरकारी वीज कंपनीची असेल तर 1984च्या कायद्याने किमान 6 महिने कैद. तेलवाहिन्यांच्या कायद्यात 2011च्या दुरुस्तीने गंभीर घातपाताला फाशीपर्यंतची शिक्षा आणली. 1984च्या कायद्यातली मालमत्ता ही सरकार, स्थानिक संस्था किंवा सरकारी कंपन्या यांचीच. 2020च्या डिसेंबरात पंजाबात खासगी कंपनीच्या शेकडो मोबाइल टॉवरना झळ बसली. ते त्या व्याख्येबाहेरचे. 2023च्या दूरसंचार कायद्याने कळीच्या दूरसंचार सुविधा जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि मालकीचा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला झाला.

वसुलीची कल्पना महाराष्ट्रात आधीच रुजली होती. 2003च्या जुलैमधल्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने 2004 मध्ये दोन राजकीय पक्षांना प्रत्येकी 20 लाख रुपये भरायला लावले. बंद पुकारणाऱ्यालाच बिल दिल्याचे ते ठळक उदाहरण. 2007च्या राजस्थानातल्या आरक्षण आंदोलनानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि 2009 मध्ये दावा आयुक्त (नुकसान मोजून भरपाई ठरवणारा अधिकारी) नेमण्याची, तसेच हिंसा करणारे व आयोजक अशा दोघांवरही जबाबदारी टाकण्याची चौकट आखून दिली.

यातून जन्मलेला सर्वात वादग्रस्त निर्णय जामिनाचा आहे. 2018च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हिंसेत नुकसान केल्याच्या आरोपाखाली अटक झालेल्याला ठरवलेली नुकसानीची रक्कम भरून किंवा तिची हमी देऊन सशर्त जामीन देता येईल. त्यात ‘देता येईल’ होते, सक्ती नव्हती. 2024च्या फेब्रुवारीत केंद्राला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या आयोगाचा अहवाल जाहीर झाला. 1984च्या कायद्यातच ही अट घालावी आणि नुकसान झालेल्या मालमत्तेच्या किमतीइतकी रक्कम भरल्याशिवाय जामीन देऊ नये, अशी त्याची शिफारस आहे.

यात भरपाई आधी येते आणि दोष नंतर ठरतो. रकमेचा आधार बहुधा ज्या खात्याचे नुकसान झाले त्याचाच अंदाज. पाचजण पकडले आणि बस एक जळाली, तर प्रत्येकाकडून पूर्ण बसची किंमत मागायची की वाटून, हा प्रश्न रोजच्या न्यायालयीन कामात येणारच. फसवणुकीच्या एका प्रकरणात 2023 मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की जामीन ही पैसे वसूल करण्याची प्रक्रिया नव्हे.

पैशांच्या बाजूने पाहिले तर ही अट आणखी अवघड आहे. ज्याच्या पाठीशी पक्ष किंवा संघटना आहे तो रक्कम भरून बाहेर येईल. रोजंदारीवरचा माणूस आत राहील, आणि त्याच्या जेवणाचा, पहाऱ्याचा, तारखेला न्यायालयात नेण्याचा खर्च सरकार करील. देशातल्या तुरुंगांत चारातले सुमारे तीन कैदी आधीच कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत. जी रक्कम त्याच्याकडून कधी येणारच नाही, तिच्यासाठी त्याला महिनोन्महिने पोसणे हा तिजोरीच्या रक्षणाचा मार्ग आहे, असे मला कोणत्याही बाजूने पटत नाही.

घाईने केलेल्या वसुलीचेही पुढे काय होते, ते उत्तर प्रदेशात दिसले. 2019च्या डिसेंबरमधल्या निदर्शनांनंतर प्रशासकीय अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या. 2020 मध्ये वसुलीचा स्वतंत्र कायदा झाला. 2022च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटिसांवर कडक आक्षेप घेतल्यावर राज्याने 274 नोटिसा मागे घेतल्या, आणि वसूल झालेले पैसे परत करण्याचा आदेश झाला. नव्या कायद्याखाली पुन्हा कारवाईची मुभा राहिली, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा.

महाराष्ट्रात वेगळ्याच वाटेने पैसा वाया जातो. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय इथे वेळोवेळी निघतात. जीवितहानी नसावी आणि नुकसान 5 लाखांच्या वर नसावे, अशी अट त्यांत दिसते. आंदोलकांच्या दृष्टीने हा दिलासा आहे आणि अनेकदा तो योग्यही असतो. पण पंचनाम्यापासून दोषारोपपत्रापर्यंत झालेले पोलिसांचे सगळे काम त्यासोबत जाते. पुढच्या आंदोलनानंतर पुन्हा कडक कलमे लागतात.

उलट ज्या नुकसानीत कुणाचा द्वेष नसतो, तिकडे शिक्षेचे लक्षच नाही. केंद्र सरकारच्या माहितीनुसार देशात दरवर्षी सुमारे 10 लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटते आणि सुमारे 3,000 कोटींचे नुकसान होते, ते खोदकाम करणाऱ्या यंत्रणांत समन्वय नसल्याने. खोदण्याआधी कळवण्यासाठी 2023च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आले. कुणालाही तुरुंगात न टाकता नुकसान कमी करण्याचा हा उपाय बातम्यांत फारसा टिकला नाही.

नव्या कायद्याने न्यायालयांवर किती भार पडेल हे विधेयकासोबतच मांडावे, ही सूचनाही नवी नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तशी शिफारस आली: वित्तीय ज्ञापनात, म्हणजे विधेयकाला जोडलेल्या खर्चाच्या अंदाजात, वाढणाऱ्या खटल्यांचा खर्चही धरावा. त्यावर नेमलेल्या कृती गटाने 2008 मध्ये अहवाल दिला. चेक न वटणे हा गुन्हा ठरवल्यावर कनिष्ठ न्यायालयांत साचलेला खटल्यांचा ढीग तेव्हा सर्वांसमोर होता. ती पद्धत आजही रूढ नाही. शिक्षा वाढवणारे विधेयक सभागृहात येते, त्यावर भाषणे होतात, आणि वित्तीय ज्ञापनात खटल्यांच्या, कोठड्यांच्या खर्चाची ओळ नसते.